बरोबर-चूक नसतं म्हणणाऱ्या चेअरमनसाहेबांना

मंडळी, आज डोकं फिरलंय. सानपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी वरच्या मजल्यावरच्यांची सून जिन्यात खुर्चीवर बसलेली दिसली, अंगात ताप. पाळी आलेली, वन बीएचकेत वेगळं बसायला जागा नाही, म्हणून सासूने बाहेर बसवलेली. मी तिला सरळ आमच्याकडे आणून झोपवलं.

लगेच सोसायटीचे चेअरमन हजर.

"मॅडम, त्यांच्या घरची रीत आहे. बरोबर-चूक असं काही नसतं हो, ज्याचं त्याचं असतं."

"मग तिला आत घेणं ही माझी रीत!"

"छे, तुम्ही केलंत ते साफ चूक!"

अहो, आत्ता तर चूक नसतंच म्हणालात! ही सूट फक्त बाहेर बसवणाऱ्यांनाच?

"काकू, मला परत जिन्यात नका पाठवू," एवढंच ती म्हणाली. थोड्या वेळात सासू तिला न्यायला येईल. तुम्ही दार उघडाल?