लिपिकांमागची पाटी

जूनचे पहिले दोन सोमवार. जबाबदार, शाळेचे लिपिक आणि मुख्याध्यापक. सुक्या बोंबलांचा वास आला की माझ्या तक्रारवहीतली ही नोंद मनात उघडते. राई गावात बोंबील वाळत घालून झाले की दुपारी एक ताई शाळा कायमची सुटलेल्या मुलींना शिकवीत. त्यांतल्या तेरा वर्षांच्या एकीला शाळेने प्रवेश न देता दोनदा परत पाठवले, म्हणून तिसऱ्या सोमवारी मी सोबत गेलो. लिपिक म्हणाले, “दाखला आणा, मग बोला.” मी पिशवीतल्या कागदांत कायद्याचे कलम शोधत होतो, तोच वर्षापूर्वी जोडाक्षरांवर अडखळणाऱ्या त्या मुलीने त्यांच्यामागची धुळकट पाटी खणखणीत वाचली: ‘दाखल्याअभावी प्रवेश नाकारला जाणार नाही.’ मग मला म्हणाली, “काका, कागद ऱ्हाऊ दे. यांच्याच भिंतीवर लिवलेलं हाय.” प्रवेश तिथेच झाला. माझ्या आयुष्यभराच्या तक्रारपत्रांना न साधलेले ताईंच्या वर्गाने साधले. ती पाटी डोक्यावर असताना मुलीला दोनदा का परतवले, याचे मुख्याध्यापकांनी आजही जाहीर उत्तर द्यावे.