नाकवाल्याच्या गाडीचा वास

आमच्या दादाला सगळे नाकवाला म्हणायचे. गाडीच्या एसीतून घाण वास यायला लागला की लोक त्याच्या गॅरेजला धावत. हा काचा बंद करून आत बसणार, एसी लावणार, डोळे मिटणार. जशी काही समाधीच लागली. मग बाहेर येऊन फर्मान, "आत ओल धरलीय. आरशाला अत्तराची बाटली टांगून काय होतंय? आंघोळ न करता पावडर थापायचा प्रकार!" मग फिल्टर बदलणार, आतली जाळी धुणार, पाणी जायची नळी मोकळी करणार. वास जायचाच.

पुढे एका तापात दादाचं नाकच गेलं. शेजारी दूध करपलं तरी साहेबांना पत्ता नाही. त्याने हे कुणाला सांगितलं नाही, तरी घरात ते सगळ्यांना कळलं. गॅरेजात समाधी चालूच. काम हाताला पाठ, त्यामुळे गिऱ्हाइकाचं काही अडलं नाही.

अडलं ते घरच्या गाडीचं. तिला ओल्या मोज्यांचा वास सुटला. दादा ऐटीत एसी वाढवायचा. "काय, येतोय का वास? नाकवाल्याची गाडी आहे म्हटलं!"

"छे छे, वासाची काय बिशाद!" आम्ही श्वास रोखून म्हणायचो. वहिनी तर कौतुकाने हसायची. खरं कळलं तर माणूस खचेल, म्हणून. दोन वर्षं सगळं खानदान असं श्वास कोंडून फिरलं.

मग दादा गेला. गाडी त्याचा गॅरेजमधला भागीदार घेणार असं ठरलं, तशी वहिनी म्हणाली,

"भागीदार भावजी आत बसले की कळणार. गॅरेजभर हसतील. मेल्यावर तरी माणसाची शोभा नको."

बाह्या सरसावून तिने स्वतःच फिल्टर काढला. काळा कुळकुळीत, पाल्याने भरलेला. "जगाच्या गाड्या धुतल्या, आणि घरी हे!" असं म्हणाली आणि तो फिल्टर मांडीवर घेऊनच रडायला लागली. रडत रडतच नवा बसवला, जाळी धुतली, नळी फुंकली, नुसता पंखा चालवून आतली ओल वाळवली. मग काचा बंद करून, डोळे मिटून बसली. थेट दादा.

"गेला का गं वास?" आम्ही विचारलं.

"काय कळतंय मला! रडून नाक चोंदलंय. तुम्ही बघा."

आम्ही बसून बघितलं. "गेला वहिनी. अजिबात नाही."

"तुमचं काय खरं धरू? दोन वर्षं हेच तर ऐकतेय!"

आमच्याच पापाची फळं.

भागीदार आला. आत बसला, काचा वर केल्या, एसी लावला. वहिनी खिडकीशी उभी. त्याच्या तोंडाकडे नाही, छातीकडे बघत होती. श्वास घेतोय की रोखून धरलाय?

घेत होता. चांगला भरभरून घेत होता.