घास उतरू देणारी याडी

याडी म्हाताऱ्यांना भरवायची तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवायची. घास खाली गेला की स्वतःशीच म्हणायची, "उतरला." मगच पुढचा घास. ती घाटंजीकडच्या बंजारा तांड्यावरची. म्हणून सगळे तिला तिच्याच बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणत. साठ सालच्या सुमारास निराधार म्हाताऱ्यांच्या ज्या आश्रमात मी नर्स होते, तिथं ती आया होती.

संपतरावांचं अर्धं अंग लुळं पडलेलं, वाचाही गेलेली. वरणात कुस्करलेली भाकर भरवायला त्यांना एकट्यालाच तास लागे. ते रुसले की याडी दटावायची, "तोंड काहून फिरवता नवरदेवावानी? भाकर पळून नाही जात." म्हातारा हसायचा आणि तोंड उघडायचा.

आमचे सेक्रेटरी पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर होते. माणसांची जेवणंही त्यांना घड्याळावर हवी असत. अर्ध्या तासात सगळ्या खाटा उरकल्या पाहिजेत, असा त्यांनी हुकूम काढला. याडी तोंडावर म्हणाली, "सायेब, बोऱ्यात कापूस पाय देऊन दाबता येते. मानसाच्या नरड्यात नाही." त्याच दिवशी तिला धुण्यावर पाठवलं आणि भरवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी अर्ध्या तासात उरकू लागले. सेक्रेटरींनी चारचौघांत माझी पाठ थोपटली आणि, खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. चौथ्या दिवशी संपतरावांचा आधीचा घास तोंडात असतानाच मी पुढचा दिला. त्यांना ठसका लागला. मी पाठीवर थापट्या मारत राहिले, डॉक्टरांना बोलावणं गेलं. ते पोहोचले तोवर सगळं संपलं होतं.

डॉक्टर मान हलवून गेले. सेक्रेटरींनी रजिस्टर पुढ्यात ठेवून मला सांगितलं, "लिहा, वार्धक्यामुळे मृत्यू." वार्धक्य! त्याच सकाळी या माणसानं हाताच्या खुणेनं चहात जास्तीची साखर मागून घेतली होती. आजही तो शब्द आठवला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. पण तेव्हा मी मुकाट्यानं लिहिला.

याडी धुणं टाकून ओल्या हातांनी धावत आली. संपतरावांच्या लुळ्या गालात बोट घालून तिनं अडकलेली भाकर बाहेर काढली आणि उघड्या रजिस्टरवर ठेवली.

"हेबी लिवा, बाई," एवढंच म्हणाली आणि पदराला हात पुसत फाटकाबाहेर पडली, ती कायमचीच.

मी ते लिहिलं नाही. कागदावरचा तो डाग मात्र पुसत बसले.