खुराड्याला फुटली पालवी

वाळुंजाच्या झाडाच्या लवचीक काड्यांच्या टोपल्या विणण्यात सोनाउल्लाचा हात धरणारा गांदरबलात कुणी नव्हता. पण चांगल्या उकडून सोललेल्या काड्या कोंबड्यांवर कशाला वाया घालवायच्या, म्हणून बर्फ वितळताच त्यानं ओल्याच काड्या जमिनीत रोवून खुराडं विणलं. महिनाभरात खुराडं हिरवंगार झालं.

त्याची बायको झूनी हसून हसून खाली बसली. "अहो, जन्म गेला विणण्यात, आणि ओल्या काडीला मुळं फुटतात हे विसरलात?"

"विसरतोय कशाला? मुद्दाम लावलंय!" सोनाउल्ला फुरंगटला.

पानगळीत त्यानं ऐटीत खुराड्याची छाटणी केली, त्याच काड्यांची सुबक टोपली विणली आणि झूनीपुढे ठेवली.

झूनीनं तीत अंडी भरता भरता विचारलं, "काड्या उकडल्यात ना या वेळी? नाहीतर अंड्यांना पालवी फुटायची."