राणीच्या आईची राखण

जगात धोका म्हणून जेवढा काही आहे, तो सगळा देवानं एकट्या राणीला गाठण्यासाठी घडवलेला आहे, अशी राणीच्या आईची ठाम समजूत आहे. बाकीच्यांना ऊन लागतं, वीज धरते, कुत्रं चावतं, ते आपलं नेम चुकल्यामुळं. खरा नेम राणीवरच होता. एवढं एकदा ध्यानात घेतलं की ही बाई अगदी सरळ वाटायला लागते. नाहीतर आमच्या गल्लीत नवीन आलेला भाडेकरू पहिल्याच आठवड्यात मला येऊन विचारतो, "वहिनी, समोरच्या बाईंना काही त्रास आहे का हो?" मी म्हणते, "त्रास आहे, पण तो आपल्याला." गल्लीत सगळे तिला राणीची आई म्हणतात आणि कुणी नाव विचारलं तर तीही तेच सांगते.

तिचं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांचं घर. लहानपणी कोकरं कोंडलेल्या जाळीपाशी काठी घेऊन बसायचं काम तिच्याकडं असायचं. "लांडगा आल्यालं कुत्र्याच्या आदी मला कळायचं वैनी," असं ती अजून अभिमानानं सांगते. लग्न होऊन सोलापुरात आली, मेंढरं तिकडंच राहिली आणि राखायला हाताशी एकच कोकरू उरलं. आता एका कोकरावर अख्ख्या कळपाची राखण म्हटल्यावर त्या कोकराचं काय होणार? राणीचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. यंत्रमागाच्या खडखडाटानं त्यांचे कान अधू झालेत आणि माझ्या मते त्या घरातली शांतता तेवढ्यामुळंच टिकून आहे.

राणी शाळेत होती तेव्हा उन्हाळा लागला की तिच्या खिशात कांदा असायचा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, त्यात काही नवल नाही. आम्हीही ठेवायचो, एक. पण राणीच्या दोन्ही खिशांत एकेक, दप्तरात दोन आणि शिवाय एक डोक्याच्या रुमालात बांधलेला. बाईंनी एकदा चिठ्ठी पाठवली की वासानं वर्गात बसवत नाही. ही चिठ्ठी घेऊन शाळेत गेली आणि बाईंच्याच हातात एक कांदा ठेवून आली. "तुमी बी ठेवा बाई, तुमी बी कुनाची तरी लेकच हाय की!"

गड्ड्याच्या जत्रेतली गोष्ट तर त्या पाळणेवाल्याला अजून आठवत असेल. राणीला आकाशपाळण्यात बसायचं होतं. हिनं आधी पाळण्याचे नटबोल्ट हातानं हलवून बघितले. मग पाळणेवाल्याला म्हणाली, "आदी तू बस." तो बसला, फेरी मारून आला. "आता तुजी बायकू बसव." तोवर मागं ही रांग लागलेली, माणसं ओरडायला लागलेली! बायको तिकिटावर होती, तीही बसून आली. मग हिनं पाळण्याकडं वर बघत बराच विचार केला आणि म्हणाली, "लई उंच हाय. चल ग, भजी खाऊ." करोनाच्या लशीच्या वेळीही तसंच. आधी हिनं स्वतः टोचून घेतलं, दोन दिवस आपल्याच नाडीवर बोट ठेवून बसली आणि आपण मेलो नाही अशी खात्री पटल्यावरच लेकीला रांगेत उभं केलं. दर अमावास्येला ती राणीची दृष्ट काढते, तीही साधी नाही. मूठभर सुक्या मिरच्या निखाऱ्यावर टाकते आणि सगळी गल्ली खोकत बाहेर येते. आमचे हे एकदा डोळे पुसत तिला म्हणाले, "अहो, जरा कमी मिरच्या टाकत चला." तर म्हणते कशी, "खोकला आला म्हंजी दृष्ट तुमचीच व्हती!" तेव्हापासून आमच्या घरात अमावास्येला कुणी खोकत नाही. मरू पण खोकणार नाही, असं धोरण आहे.

राणी कॉलेजात गेली, तिला स्कूटी मिळाली, तेव्हा हिनं अट घातली की उन्हात निघताना तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, हातांत मोजे, अंगात सनकोट आणि या सगळ्यावर हेल्मेट. सोलापूरच्या उन्हात सगळ्याच पोरी अशा बांधून फिरतात. पण राणी निघाली की आत माणूस आहे का गाठोडं, हे सांगता यायचं नाही. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत आईचा पहिला फोन जायचा, "पोचलीस का?" राणीनं वैतागून आईच्या फोनला वेगळी रिंगटोन लावून टाकली, कोकराच्या ओरडण्याची. बें, बें असा आवाज आला की गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळायचं, राणीच्या आईचा फोन आला. तिला स्वतःला ती रिंगटोन फार आवडायची. "माज्या माहेरचा आवाज हाय," म्हणायची.

तर मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. चार वाजून गेले होते, राणी टॅलीच्या क्लासला गेली होती. आमच्याकडं पाणी काही रोज येत नाही, त्यामुळं घरोघरी अंगणात पिंपं भरलेली असतात, आणि गारव्याला काय काय येऊन बसतं. एकदम समोरून हाक आली, "वैनी! ओ वैनी! नाग हाय हितं, नाग!" मी उलट्या चपला घालून धावले. पिंपामागं खरंच नाग होता, चांगला हातभर फणा वर काढून. आणि ही बया त्याच्यापासून चार पावलांवर खराटा घेऊन उभी!

"अहो, लांब व्हा की!" मी ओरडले.

"लांब झाले आन् त्यो कुटं दडला तर? राणी यील क्लासातनं, पाय ठीवील. न्हाय, मी नजर काडनार न्हाय."

दोघं एकमेकांकडं बघत उभे. खरं सांगते, मला त्या नागाचीच दया आली. विजेच्या खांबावर एक कागद चिकटवलेला होता, 'साप दिसल्यास मारू नका, फोन करा.' मी फोन केला. तिकडून कुणी साहेब म्हणाले, जवळचं माणूस पाठवतो. आणि खरंच, थोड्या वेळात एका मोटारसायकलवरून मागं बसलेली एक पोरगी उतरली. हेल्मेट, स्कार्फ, गॉगल, अंगात खाकी जाकीट, हातात लोखंडी आकडा आणि भोकं पाडलेली मोठी बरणी. एक शब्द बोलली नाही. हातानंच आम्हाला मागं व्हा म्हणून खुणावलं.

"आगं बाई, पोरगी धाडली व्हय!" राणीच्या आईनं खराट्यासकट कपाळाला हात लावला. "कुनाची ग तू? तुज्या आयला ठावं हाय का ह्ये?"

हेल्मेट डावीउजवीकडं हललं. नाही.

"बगा वैनी! कसली आय म्हनायची ती! पोटची लेक नागाच्या तोंडी दिली, आन् आपन घरात टीवी बगत बसली आसंल. माजी राणी आसती तर तंगडं मोडून घरात बसवली आसती मी." आणि राणीच्या नावावरून तिला आठवलं की क्लास सुटायची वेळ झाली. पोरगी इकडंच निघेल! तिनं लगबगीनं कमरेचा मोबाइल काढला. "थांबा, तिला सांगते, क्लासातच बसून ऱ्हा म्हनून."

पिंपामागून आवाज आला, बें, बें, बें.

राणीच्या आईनं आधी शेजारच्या अंगणात बघितलं, शेरडू सुटलं का म्हणून. मग फोन कट केला. आवाज थांबला. पुन्हा लावला. बें, बें. त्या खाकी जाकिटाच्या खिशातून! पोरीच्या एका हातात नागाची शेपटी होती, दुसऱ्या हातात आकडा, फोन बंद करायला हात कुठून आणणार ती? गल्लीतली सगळी माणसं त्या खिशाकडं बघत होती, आणि मी राणीच्या आईकडं. वाटलं, आता ही अशी किंचाळणार की नागच पळून जाईल. तिनं तोंड उघडलंही होतं. ते तसंच मिटलं. पोरीचा हात हलू नये म्हणून तिनं श्वाससुद्धा आत ओढून धरला, खराटा आवाज न करता भुईला टेकवला आणि फोन बंद केला. नाग बरणीत गेला, झाकण फिरलं.

झाकण फिरलं मात्र, मग जे काही सुरू झालं ते काय सांगू! राणी बरणी छातीशी धरून पुढं, आई खराटा घेऊन मागं, आणि गल्लीला दोन फेऱ्या. "आई, थांब! नाग आहे हातात!" "त्येला मी काय करत न्हाय, तू थांब!" मधे राणीचे वडील कारखान्यातून आले, त्यांना काहीच ऐकू आलं नाही. दोघींना वाट दिली आणि शांतपणे सायकल लावून घरात गेले.

संध्याकाळी राणी माझ्याकडं येऊन रडली. वर्षभर साप धरायला शिकत होती म्हणे, त्या फोनवरच्या साहेबांच्या हाताखाली. आईनं ओळखू नये म्हणून स्कूटी क्लासपाशीच ठेवून आली होती. "काकू, साप धरणाऱ्यांच्या ग्रुपवर आपल्या गल्लीचं नाव आलं, आपल्याच घराचं. आई खराटा घेऊन समोर उभी असणार, हे मला न बघता कळलं. दुसऱ्या कुणाची वाट बघत बसू होय?" मी तिला जवळ घेतलं. तेव्हा माझ्या मनात आलं, हिनं आईचा सगळा गुण उचललाय, आणि आईला त्याचाच पत्ता नाही.

त्या दिवसापासून स्कूटीची किल्ली आईच्या पदराच्या गाठीला गेली. सापाचं नाव घरात काढायचं नाही. राणी भांडली नाही, खालमानेनं क्लासला चालत जायची, चालत यायची. आई मला म्हणायची, "बगा, कशी शानी झाली माजी लेक." पण म्हणताना तिच्या तोंडावर सुख काही दिसायचं नाही. पोरगी सुखरूप होती, नजरेसमोर होती आणि हसत नव्हती. हे दुखणं कुठल्या मिरचीनं उतरवायचं, ते तिला कळत नव्हतं.

मग एका संध्याकाळी मी त्यांच्याकडं शेंगांची चटणी मागायला गेले होते. राणी भाकरी थापत होती. फोन वाजला, तिचे हात पिठात, म्हणून आईनंच बटण दाबून तो खिडकीच्या चौकटीत ठेवला. स्पीकरवर तेच साहेब बोलत होते. एमआयडीसीच्या बाजूला एका खोलीत झोळीत बाळ झोपलंय, झोळीखाली साप आहे, बाकीचे सगळे लांब आहेत, येतेस का? आणि त्यांच्या मागून, कुणीतरी दुसऱ्या फोनवर असावी तसा, एका बाईचा आवाज, "लवकर या ओ, लेकरू हलाय लागलंय माजं, लवकर या."

राणीनं आईकडं बघितलं. मग फोनकडं तोंड करून म्हणाली, "नाही सर. मला जमणार नाही."

राणीची आई तव्याकडं बघत उभी होती. तव्यावरची भाकरी करपली, तरी हलली नाही. "त्येची आय रडतीया की ग," ती हळू म्हणाली. मग पदराची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. दातानं सोडली आणि किल्ली राणीच्या पिठाच्या हातात कोंबली. "बगत काय ऱ्हायलीस? ऊठ! लेकरू हाय तितं!"

राणी गेली. कोपऱ्यावर गाडी वळली, आणि जन्मात पहिल्यांदा राणीच्या आईनं फोन लावला नाही. ती दाराच्या पायरीवर बसली. दिवेलागण झाली, तरी उठून दिवा लावला नाही, मीच लावला. पाणी दिलं, ते हातातच राहिलं. गाडीचा आवाज आला तेव्हा तिनं पहिलं विचारलं ते, "लेकरू?"

"बरं आहे. झोपेतनं उठलंसुद्धा नाही," राणी हसत म्हणाली.

तेव्हा कुठं तिनं राणीचे दोन्ही हात उजेडात धरले, एकेक बोट उलटंपालटं करून बघितलं आणि ओरडली, "हात धू! भाकऱ्या काय म्या थापू व्हय?"

आता राणी राजरोस जाते. कधी दुपारी, कधी जेवणावरून उठून. आणि ती गेली की तिची आई पायरीवर येऊन बसते. ऊन असलं तरी तिथंच. परवा मला राहवलं नाही. ऊन रणरणत होतं, मी म्हटलं, "अहो, इथं बसून काय होणार आहे? आत जाऊन जरा पडा की."

"मी हितनं उठले, आन् तितं तिचा हात हालला तर?" ती म्हणाली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, नजर कोपऱ्यावर.

यावर हसायला हवं होतं, हसूही आलं होतं तोंडाशी. पण माझा मुलगा चार वर्षं झाली तिकडं बेंगळुरूला असतो, रात्री-अपरात्री कामावरून मोटारसायकलनं खोलीवर जातो, आणि मी इथं पंख्याखाली खुशाल झोपते. मी घरात जायला निघाले होते. तशीच वळले आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.