बाण माणसाकडे

फोटोकाकांना धर्मतल्ल्याच्या एका भिंगदुरुस्तीवाल्याने फसवलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. ज्याचं त्याला कळेल.

काका बागबाजारात जन्मलेले मराठी गृहस्थ. कलकत्त्यातल्या आपल्या लोकांच्या घरात भिंतीवर आजोबांचा फोटो असेल, तर बहुधा तो त्यांनीच काढलेला. ट्रंकेएवढा लाकडी कॅमेरा, डोक्यावर काळं कापड, आणि शटर नाहीच. पितळी भिंगाचं टोपण काढून ते मोठ्याने मोजत, "एक बागबाजार, दोन बागबाजार," आणि टोपण परत लावत. तेवढा वेळ हसू आवरणं ही समोरच्याची परीक्षा. कान धूसर आले अशी कुणी तक्रार केली, तर म्हणत, "डोळे लख्ख, कान माफ. हे भिंग माणसाच्या डोळ्यांत बघतं."

ते भिंग त्यांना मीच विकलं होतं. खिदिरपूरच्या गोदीतला जुना माल घेऊन विकणं हा माझा धंदा. नावगाव पुसलेली ती नळी मी दुर्बिणीचा तुकडा समजून त्यांच्यापुढे टाकली. काकांनी मेणबत्ती पेटवून काचेसमोर धरली आणि आत दिसणाऱ्या ज्योती मोजल्या. "पुढे दोन ठळक, एक अंधूक. म्हणजे दोन काचा चिकटवलेल्या. मागे चार ठळक, म्हणजे दोन सुट्या. अरे घासाघीसवाल्या, ही दुर्बीण नव्हे. चेहऱ्यांसाठी केलेलं जुनं भिंग आहे. मागतोयस त्याच्या तिप्पट माग."

मी भडकलोच. "काका, गप्प बसून घेतलं असतंत तर मला कळलंही नसतं!"

"तुला नसतं कळलं. पण याच्यातून रोज लोकांच्या डोळ्यांत मला बघायचंय ना?"

मग त्यांनी मागच्या दोन्ही काचांच्या कडेवर पेन्सिलीने बाण काढले. "टोक नेहमी माणसाकडे. एक जरी काच उलटी बसली, की चेहऱ्याचं पिठलं."

पुढे एका पावसाळ्यात काचांना बुरशी धरली. काकांचे हात कापू लागले होते, म्हणून त्यांनी भिंग दुरुस्तीवाल्याकडे दिलं. परत आलं ते चकचकीत, पण फोटोत डोळे काही लख्ख येईनात. काका काळ्या कापडाखाली घामाघूम होत. दुरुस्तीवाला म्हणाला, "भिंग उत्तम आहे, काकाबाबू. डोळे गेले तुमचे." मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला दाखवू. काका म्हणाले, "नको रे. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतील." काकांनी आपलं फोटोचं दुकान बंद केलं. दुरुस्तीवाल्याने "आठवण म्हणून" मागितलं, आणि काकांनी भिंग त्याला देऊन टाकलं.

ते नागपूरला मुलीकडे निघाले, तेव्हा हावड्याला मी पोचवायला गेलो. खिडकीतून म्हणाले, "तुझा चेहराही नीट दिसत नाही बघ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, दुसरं काही नाही.

महिन्याभरात भिंग दुरुस्तीवाल्याच्या कपाटात विकायला दिसलं. काकांची वस्तू परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून मी आत शिरलो. दाराच्या उजेडाकडे भिंग धरलं, मागे पांढरा कागद. रस्त्यावरची ट्राम कागदावर उलटी उतरली, पण पुसट. सवयीने म्हणालो, "हे तर धूसर. भाव उतरव."

तो हसला. "दोन मिनिटं थांबा, दादा." त्याने मागची एक काच काढली, कडेवर नजर टाकली, उलटून बसवली. आता ट्रामच्या पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

काच फिरवताना त्याच्या बोटाशी पेन्सिलीचा बाण मी पाहिला. मी त्याची गचांडी धरली. "चुकून झालं असेल," तो पुटपुटला.

त्याच दिवशी नागपूरला पत्र टाकलं. उत्तर मुलीचं आलं. काका आठवड्यापूर्वीच गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी नजर चांगली असल्याचं सांगितलं, तर काका म्हणाले होते, "म्हाताऱ्याचं मन राखतोय बिचारा."

भिंग माझ्याकडे आहे. कितीही भाव आला तरी विकणार नाही. दुरुस्तीवाल्याचं दुकान अजून चालतं, आणि तो अजून 'चुकून' म्हणतो. मग त्याने मला एवढंच सांगावं. गिऱ्हाईक समोर येताच जी काच तुला दोन मिनिटांत सरळ करता आली, ती उलटी ठेवून त्या माणसाला 'डोळे गेले' असं तू कोणत्या तोंडाने सांगितलंस? बाण तुला दिसला होता की नव्हता? बोल.