गुरुजींचा सिनेमा आणि माझी बायको

रायपूरला मी एका मेलेल्या माणसाशी भांडायला गेलो होतो. त्याच्यावर सिनेमा निघाला होता आणि माझ्या बायकोला तो पाहायचाच होता.

बायको रायपूरची, ब्राह्मणपाऱ्यातली. वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीत तिथे गेलेले. लग्नाआधी ती एका नाचा मंडळीत (नाचा म्हणजे छत्तीसगडी लोकनाट्य) गायची. मंडळीचे मालक गुरुजी. मोठा कलावंत, असं सगळे म्हणतात. या मोठ्या कलावंतानं हिला पडद्यामागे उभं करून गायला लावलं आणि पुढे एका देखण्या पोरीला नुसते ओठ हलवायला ठेवलं. टाळ्या त्या पोरीला. तरी पुण्यात आमच्याकडे फोडणी तडतडली की गुरुजींचं नाव निघतंच.

स्टेशनबाहेर दुकानांच्या पाट्यांवर नव्या राज्याचा थाट होता. टायरवाला राजधानी, न्हावी राजधानी, चहाची टपरीसुद्धा राजधानी. मेहुण्यांकडे फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळकट्या) खाल्ला. चटणीनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"जावईबापू, आताच काहून रडून राहिले? सिनेमा तर बाकी आहे," मेहुणे म्हणाले.

पडद्यावर गुरुजी आले आणि शिट्ट्या वाजल्या. नट चांगला देखणा होता. मूळ माणूस तसा नव्हता, मी फोटो पाहिला आहे. सिनेमानं काही लपवलं नव्हतं. गुरुजी पेटी भिरकावतात, वादकांना उपाशी ठेवतात, आणि पडद्यामागचं ते गाणंही होतं. पण गाणं संपताच गुरुजी डोळे मिटतात आणि अख्खं थिएटर त्यांना माफ करून टाकतं.

"हा खलनायक आहे," मी बायकोच्या कानाशी म्हणालो.

ती रडत होती. माझ्या मूळव्याधीच्या ऑपरेशनला ही बाई रडली नव्हती.

सिनेमा सुटला तेव्हा दिग्दर्शक दाराशीच उभा होता. पुरानी बस्तीतला तरुण; घर मराठी, बोलणं हिंदी. पडद्यामागे गाणारी ती हीच, असं मेहुण्यांनी सांगताच तो चपापला.

"दीदी, कुछ गलत तो नहीं दिखाया?"

"हव, एक," बायको म्हणाली. मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. "पडद्यामागं मले एकटीले दाखवलं तुम्ही. गुरुजी बाजूलेच उभे राहत. गाणं होईस्तोवर माझ्या खांद्यावर ताल देत."

माझ्या बाह्या तिथेच राहिल्या.

परतीच्या गाडीत दुर्ग स्टेशन मागे पडल्यावर मी विचारलं, "माणूस कसा होता?"

"वाईट."

"मग रडलीस काहून?"

"नुसते वाईट असते तर कशाले रडली असती मी?"

हिचं नाव खाणारा माणूस मला सोयीचा होता. त्याच्यावर मी जन्मभर चिडू शकलो असतो. पण त्याच अंधारात हिच्या खांद्यावर ताल देणाऱ्याचं काय करायचं, हे मला कळेना. सिनेमावाल्यालाही कळलं नसावं. त्यानं तर तो हात दाखवलाच नाही.

डोंगरगडची टेकडी दिसू लागली तशी ती गुणगुणू लागली. तेच गाणं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ताल धरला.

"चुकून राहिले तुम्ही," ती म्हणाली.

हात मात्र तिनं काढला नाही.